पांढऱ्या कोंबडीची काळी पिलं

फजरची नमाज पढून घरी आलो, तर बायको परसात खुराड्यापुढं उकिडवी बसली होती. हातात मोबाइलची बॅटरी. मला बघून म्हणाली, "मुन्नी के अब्बा, जरा इधर आव. देखो क्या निकल्या है."

खुडूक कोंबडीच्या पोटाखालून तिनं एक पिल्लू अलगद बाहेर काढलं होतं. नुकतंच सुकलेलं, कापसाच्या बोळ्यासारखं मऊ. पण काळं. पाठ कोळशासारखी, पोटाकडं जरा पिवळट. मग दुसरं काढलं. तेही काळंच, फक्त डोक्यावर पांढुरका ठिपका, कुणी चुन्याचं बोट टेकवल्यासारखा. बाकीची नऊ पिवळी धम्मक, पांढऱ्या कोंबड्यांची पिलं असतात तशी.

अंडी त्या खुडूक कोंबडीची नव्हती. ती तांबडी गावठी, फक्त उबवायला बसवलेली. अंडी ज्यांची होती त्या चारही तलंगा पांढऱ्या. त्यांच्यात फिरणारा कोंबडा एकच, तोही पांढरा. एवढंच नव्हे, त्या सगळ्यांचे आईबापही पांढरे, माझ्या डोळ्यांदेखतचे. मग हे काळं आलं कुठून?

तुम्हाला वाटेल, दोन काळ्या पिलांचं एवढं काय? मलाही त्या सकाळी तसंच वाटलं होतं. गंमत वाटली, बाकी काही नाही. पण या पिलांनी आमच्या घरातलं एकतीस वर्षांपूर्वीचं एक गाठोडं सोडलं. ते आज लिहितोय. बायकोची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिखो. पर मेरा नाम मत लिखो, और फुफीका बी नक्को." म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही. 'मुन्नी' हे नाव नाही, आमच्याकडं प्रत्येक घरात एक मुन्नी असते.

आधी कोंबड्यांचं सांगतो.

मी हायस्कूलला गणित शिकवायचो. निवृत्त झालो आणि महिन्याभरात कंटाळलो. पेपर वाचून होतो साडेआठला, पुढं दिवस उरतो. घर मिरजेजवळच्या खेड्यात, मागं बऱ्यापैकी परस. आमच्या अम्मीच्या काळात तिथं दहा-पंधरा कोंबड्या असायच्या. ती गेली आणि खुराडं मोडलं. म्हटलं, पुन्हा बांधू.

जवळच एक अंड्याचं पोल्ट्री फार्म आहे. दीड-पावणेदोन वर्षांच्या कोंबड्या अंडी कमी द्यायला लागल्या की ते त्या काढून टाकतात. त्यातल्या सहा मी स्वस्तात आणल्या. पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न जातीच्या. बिचाऱ्यांनी माती कधी पाहिली नव्हती. पहिले दोन दिवस पिंजऱ्याएवढ्याच जागेत उभ्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी एकीनं माती उकरली आणि मग साऱ्याजणी सुटल्या. कोंबडा आणला बायकोच्या माहेराहून, पंढरपूरकडच्या खेड्यातून. माझ्या मेव्हण्यानं पिशवीला भोक पाडून, त्यातून कोंबड्याचं डोकं बाहेर काढून एसटीत बसवून दिलं होतं. तोही पांढरा, पण गावठी. लाल तुरा, आखूड पाय, भांडकुदळ. त्यांच्या गावात तसे पांढरे कोंबडे दोन-तीन घरांत आहेत.

लेगहॉर्न कोंबडी खुडूक होत नाही. अंडी घालत राहायची, बसायचं नाही, असंच तिला पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलंय. त्यामुळं अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. पहिल्या थंडीत अशी तेरा अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी दहा पिलं निघाली. सगळी पिवळी, वाढून सगळी पांढरी. फक्त दोघा-तिघांच्या पंखांवर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे बारीक काळे ठिपके होते. आम्ही म्हटलं, असतील. त्यातले काही कोंबडे खाल्ले, एक ठेवला, चार तलंगा ठेवल्या. मेव्हण्याचा कोंबडा मधल्या काळात मुंगसानं नेला. लेगहॉर्न एकेक करून संपल्या. या पांढऱ्या पोरांचीच अंडी दुसऱ्या थंडीत बसवली आणि त्यातून ही काळी पिलं.

सात-आठच्या सुमाराला शेजारच्या वहिनी ताक घेऊन आल्या. त्यांच्याकडं एक काळा कोंबडा आहे, सगळ्या आळीत दादागिरी करत हिंडणारा. पिलं बघून त्या खळखळून हसल्या. "सर, तुमच्या कोंबड्या लई चालू निघाल्या की! आमच्या काळ्याचंच काम दिसतंय हे."

मीही हसलो. बायको हसली नाही. तिनं ताकाचं भांडं घेतलं, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वहिनींना काही कळलं नाही. मला कळलं, पण मी पिलांना पाणी ठेवण्यात गुंतल्याचं दाखवलं.

आता ते गाठोडं.

आमची धाकटी, मुन्नी, एकतीस वर्षांपूर्वीची. मोठा मुलगा आईसारखा गोरा. मी गव्हाळ, माझ्या अम्मीच्या भाषेत 'साफ'. आणि मुन्नी जन्माला आली ती चांगली सावळी. सावळी हा शब्दही सवलतीचा. आमच्या घरात तेव्हा जो शब्द वापरला गेला तो काळी हाच होता.

छठीला बायका जमल्या. माझ्या मोठ्या फुफीनं पोरीला मांडीवर घेतलं, दुपटं बाजूला केलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाली, "ये किसपे गई? हमारे घर में तो काला कोई बी नै." मग कुणी म्हणालं, दवाखान्यात अदलाबदल तर नै हुई? त्यावर हशा. आणि मग फुफीनं जरा आवाज खाली घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, एक वाक्य म्हटलं. ते मी इथं लिहिणार नाही. त्याचा मतलब एवढाच की नवरा दूर नोकरीला असतो आणि घर रस्त्यावर आहे.

मी खरंच दूर होतो. जत तालुक्यातल्या एका शाळेत नव्यानं लागलो होतो. दर शनिवारी येणं जमायचं नाही, एक आड एक शनिवारी यायचो.

मी त्या दिवशी दाराबाहेर पुरुषांत बसलो होतो. सगळं ऐकू आलं. मी आत जाऊन काही बोललो नाही. फुफी वयानं मोठी, अब्बांची एकुलती बहीण, तिच्यापुढं कोण बोलणार, वगैरे. ही कारणं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितली. पण गप्प बसलो एवढंच असतं तर आज लिहायची वेळ आली नसती.

त्या रात्री मी मोजलं. मी गणिताचा माणूस. अंधारात पडल्या पडल्या मी मुन्नीच्या जन्मतारखेपासून मागं मोजत गेलो. कुठल्या शनिवारी मी घरी होतो, कुठल्या नव्हतो. बोटांच्या पेरांवर, तसबीह मोजतात तसं. हिशेब नीट जुळला. जुळणारच होता. मला हायसं वाटलं, आणि मी कूस बदलली, तर खिडकीतून येणाऱ्या उजेडात बायकोचे डोळे उघडे होते. ती माझ्या हाताकडं बघत होती.

ती काही बोलली नाही. मीही नाही. मग एकतीस वर्षं या विषयावर आम्ही कोणीच बोललो नाही.

पिलं निघाली त्या दिवशी दुपारी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता जनावरांचा डॉक्टर आहे. राणीखेतच्या लसीचं विचारायला मी त्याला अधूनमधून त्रास देतोच. त्याला सगळं सांगितलं. शेजारच्या काळ्या कोंबड्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "सर, कोंबडीला दोष देऊ नका. पांढरा हा एक रंग नाही, दोन वेगळे पांढरे आहेत. तुमच्याकडं दोन्ही एकत्र आलेत."

मग त्यानं जे सांगितलं आणि पुढं मी जे वाचलं, ते माझ्या भाषेत असं.

समजा पीस रंगवायला रंगाचा डबा लागतो. मेव्हण्याच्या गावठी कोंबड्याकडं डबाच रिकामा होता. रंग तयार करणारं जनुक बिघडलेलं, म्हणून तो पांढरा. लेगहॉर्न कोंबडीची गोष्ट उलटी. तिचा डबा काठोकाठ भरलेला असतो, बहुतेक वेळा काळ्या रंगानं, पण त्याला कुलूप घातलेलं असतं. एक वेगळंच जनुक काळा रंग पिसात उतरूच देत नाही. म्हणून तीही पांढरी. दोघं शेजारी उभे केले तर बघणाऱ्याला फरक कळत नाही.

दोघांची पिलं झाली. प्रत्येक पिलाला आईकडून एक भरलेला डबा आणि एक कुलूप, बापाकडून एक रिकामा डबा आणि कुलूप नाहीच. एक भरलेला डबा रंगवायला पुरतो, पण एक कुलूपही अडवायला पुरतं. म्हणून पहिली पिढी सगळी पांढरी. मात्र एकट्या कुलपाचा बंदोबस्त पूर्ण नसतो, थोडं गळतं. ते शाईचे शिंतोडे म्हणजे ही गळती. आम्ही ज्याला 'असतील' म्हणून सोडून दिलं होतं, तिथंच सगळं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या पिढीत वाटणी नव्यानं होते. एखाद्या पिलाला दोन्ही बाजूंनी कुलूप मिळतच नाही. याची शक्यता चारात एक. त्याच पिलाला निदान एक भरलेला डबा मिळण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही एकत्र यायचं तर सोळात तीन. सोळा पिलांत तेरा पांढरी आणि तीन रंगीत. दहावीच्या पोरांना संभाव्यता शिकवताना मी आयुष्यभर फासे आणि पत्ते टाकत आलो. हे परसातलं उदाहरण आधी कळलं असतं तर निदान पोरं जागी राहिली असती.

हे काही नवं संशोधन नाही. मठातल्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करणाऱ्या मेंडेलचं काम १९०० साली पुन्हा उजेडात आलं, तेव्हा लोकांना वाटलं की हे नियम झाडांपुरते असतील. इंग्लंडमध्ये केंब्रिजला विल्यम बेटसन यांनी कोंबड्या पाळून, त्यांचे तुरे आणि पिसं पिढ्यान्‌पिढ्या तपासून १९०२ साली दाखवलं की प्राण्यांनाही तेच नियम लागू आहेत. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पुनेट. शाळेच्या पुस्तकात चौकटी आखून पिलांचा हिशेब करतात ती पुनेट चौकट यांचीच. म्हणजे हे सगळं शास्त्र प्राण्यांपर्यंत पोचलं ते कोंबडीच्या पाठीवर बसून. पुढं कितीतरी वर्षांनी, २००४ मध्ये, लेगहॉर्नच्या कुलपाचं जनुक नेमकं सापडलं. रिकाम्या डब्याचं कारण २००६ मध्ये. ते तर अजबच आहे. कधीकाळी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या रंग बनवणाऱ्या जनुकात घुसून बसला आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना वारसा म्हणून मिळत आला. मेव्हण्याच्या गावातल्या कोंबड्यांतही तोच असेल, हे मी तपासून पाहिलेलं नाही. पण हिशेब तसाच लागतो.

आणि डोक्यावरचा तो ठिपका. ते पिल्लू वाढलं तसं त्याच्या प्रत्येक पिसावर काळे-पांढरे आडवे पट्टे उमटले. डॉक्टर म्हणाला, हे पट्टे लेगहॉर्नकडूनच आले, त्यांच्या पांढऱ्याखाली ते पुष्कळदा दडलेले असतात. यातली वाट ऐकण्यासारखी आहे. कोंबडी हे पट्टे फक्त आपल्या मुलाला देऊ शकते, मुलीला नाही. मुलाकडून ते पुढं मुलीला जातात. आमच्या लेगहॉर्न आजीनं पट्टे आपल्या पांढऱ्या मुलाला दिले. तो जन्मभर पांढरा राहिला, त्याच्याकडं बघून कुणाला शंका आली नसती. त्याच्या मुलीच्या अंगावर ते उमटले. आजी तेव्हा जिवंतही नव्हती.

असली उदाहरणं पुष्कळ आहेत. अँडालुशियन नावाची निळसर राखी कोंबडी असते. निळ्याला निळी जोडली तर चारात दोनच पिलं निळी निघतात, एक काळं आणि एक मळकट पांढरं. निळा रंग टिकवायचा म्हणून कितीही निवडा, तो टिकत नाही, कारण निळं असणं म्हणजेच अर्धं काळं आणि अर्धं पांढरं असणं. आपल्याकडं झाबुआचा कडकनाथ आहे. त्याची पिसंच नाहीत, कातडी, मांस, हाडावरचा पापुद्रासुद्धा काळा. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याच गावात लोक त्याच्यासाठी साध्या कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात आणि काळेपणा जितका जास्त तितकी खात्री धरतात. तेच लोक मुलीचा बायोडेटा पाठवताना फोटोवाल्याला सांगतात, जरा उजळ कर.

एवढं कळल्यावर माझ्यातला मास्तर स्वस्थ बसेना. वहिनी चेष्टेत बोलल्या होत्या, पण चेष्टाही खोडून काढता आली पाहिजे. मी परसातल्या जाळीला वरूनही जाळी मारली. मग थांबलो, कारण कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. आज कोंबडा वेगळा केला म्हणून उद्याच्या अंड्याचा बाप बदलत नाही. पूर्ण तीन आठवडे गेले, तेवढी सगळी अंडी खाल्ली, आणि मग पुढची अंडी बसवायला जमवली. दुसऱ्या खेपेला नऊ पिलं निघाली, त्यात एक रंगीत. तिसऱ्या खेपेला बारा, त्यात चार रंगीत: दोन काळी, एक पट्ट्यांचं आणि एक तपकिरी. पहिली अकरा धरून एकूण बत्तीस. वहिनींचा कोंबडा बाप असता तर निम्मी, म्हणजे सोळाच्या आसपास रंगीत निघाली असती. आमच्या हिशेबानं सहा यायला हवी होती. आली सात.

मी वहीत चौकट आखली, सोळा घरं, तीन घरांत पेन्सिलीनं काळं भरलं. वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकऱ्या थापत होती. मी उत्साहानं सगळं सांगितलं. कुलूप, डबा, सोळात तीन, बत्तीसात सात, वहिनींचा कोंबडा निर्दोष, कोंबड्याही निर्दोष.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. वहीकडं बघितलं. म्हणाली, "उस दिन बी तुमे गिनतेच थे."

माझ्या हातात वही तशीच राहिली.

"मुर्गीके लिए तुमे डाक्टरकू फोन लगाये. जाली मारे. तीन हप्ते रुके," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मेरेकू एक बार पूछे बी नै."

मी म्हणालो, "शक नै था मेरेकू." हे म्हणताना मलाच ते खोटं वाटलं. शक नव्हता तर मोजलं कशाला?

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "अब्बाजी ने उसी हप्ते सुनाये थे मेरेकू. उंटका किस्सा."

कोणता किस्सा ते मला लगेच कळलं. अबू हुरैरा यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारीत आहे, मुस्लिममध्येही आहे. वाळवंटातला एक माणूस पैगंबर (स.) यांच्याकडं येतो आणि सांगतो की माझ्या बायकोला काळा मुलगा झालाय. आरोप उघड करत नाही, नुसतं सुचवतो. त्यावर पैगंबर त्याला त्याच्या बायकोबद्दल काहीच विचारत नाहीत. विचारतात, तुझ्याकडं उंट आहेत का? आहेत. कुठल्या रंगाचे? तांबडे. त्यांत एखादा राखाडी आहे का? आहे. तो कुठून आला? माणूस म्हणतो, मागच्या कुठल्या तरी रगेनं ओढून आणला असेल. मग पैगंबर म्हणतात, तुझ्या या मुलालाही कुठल्या तरी रगेनं ओढून आणलं असेल. बुखारींनी ही हदीस तलाकच्या प्रकरणात ठेवली आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर असे लोक भेटतात की जे या हदीसमध्ये अख्खं जनुकशास्त्र दाखवून देतील. मला त्यात पडायचं नाही. पडण्याची गरजही नाही. मला त्यात दिसतं ते हे की संशय घेऊन आलेल्या माणसाला त्याच्याच गोठ्याकडं बघायला सांगितलं. उंटांच्या बाबतीत तो शहाणा होता, उत्तर त्याच्याच तोंडून निघालं. कुरआनात सूरह नूरमध्ये तर पाकदामन बाईवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची सजा सांगितली आहे. हे सगळं आमच्या छठीला जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निदान पुरुषांना तरी. मी स्वतः जुम्म्याच्या बयानात ही उंटांची हदीस किमान दोनदा ऐकली होती. ऐकताना मला वाटायचं, कसा अडाणी माणूस होता तो.

सासरे गरीब माणूस, पोस्टात होते. पोरीला घेऊन बायको माहेरी गेली तेव्हा त्यांनी तिला हा किस्सा सांगितला होता आणि म्हणाले होते, जावईसाहेब पढेलिखे आहेत, ते स्वतःच सांगतील घरच्यांना. ते वारले त्याला आता बारा वर्षं झाली.

"तू मेरेकू कायकू नै बोली?" मी विचारलं.

"मैं बोलनेकी थी क्या वो?" ती म्हणाली.

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, शब्द नीट आले नाहीत. तिनं शेवटची भाकरी टोपल्यात टाकली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "पिल्लोंका पानी बदलो. उसमें कनी गिरी है."

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. कोंबडीचं गणित माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. माणसाच्या कातडीचा रंग एक-दोन जनुकांवर ठरत नाही, कितीतरी जनुकं मिळून ठरवतात, म्हणून एकाच आईबापाची मुलं गोरी-सावळी अशी वेगवेगळ्या छटांची होतात आणि त्यात नवल काही नाही. सोळात तीन असा हिशेब तिथं मांडता येत नाही. मला त्या पिलांनी मुन्नीचा रंग समजावून दिला असं कुणी समजू नये. तसं समजावून घ्यायची गरज पडावी हाच मुळात माझा गुन्हा.

तरीही एक सांगतो. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीकडं सहज गेलो होतो. नव्वदीच्या पुढं आहेत, धनगरवाड्याच्या. माझी दादी मी पाहिलेली नाही, अब्बा लहान असतानाच ती गेली. फोटो नाही. आजींना विचारलं, कशी होती दिसायला? आजी म्हणाल्या, "लई गुणाची. काळीसावळी, उंच, नाकात चमकी. तुझी धाकटी लेक हाय नव्हं, थेट तशी." फुफी तेव्हा दूधपिती होती. तिनं आपली आई कधी पाहिलीच नव्हती. 'हमारे घर में काला कोई बी नै' असं ती म्हणाली तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. तिला माहीत नव्हतं. ती आता हयात नाही, आणि हे तिला सांगता आलं असतं तर काय झालं असतं असा विचार मी करतो. त्यानं काही फरक पडला असता असं वाटत नाही. आणि दादी गोरीपान असती तरी मी मोजायचं कारण नव्हतं.

हा लेख टाकण्याआधी मुन्नीला सांगणं भाग होतं. ती पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा भला आहे. त्याआधी दोन ठिकाणांहून रंगावरून नकार आला होता, तेव्हाही मी 'नसीब' एवढंच म्हणालो होतो. चार दिवस धीर होईना. शेवटी रविवारी व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. छठी, फुफी, बोटांची पेरं, कोंबड्या. सांगताना मी स्क्रीनकडं बघत नव्हतो.

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाली, "अब्बा, मेरेकू मालूम था. बडी फुफी ने मेरेकूच बोली थी. मैं सातवी में थी."

मी काय बोलणार? सातवीत होती तेव्हा ती माझ्याच शाळेत होती. रोज माझ्या स्कूटरवर मागं बसून यायची.

"अम्मीकू मत बताव ये," ती म्हणाली. मागून बायको सगळं ऐकत उभी होती, ते तिला दिसत नव्हतं. मी मान हलवली. मग तिनंच विषय बदलला. कॅमेरा परसाकडं फिरवायला सांगितला. पट्टेवाली जाळीजवळ माती उकरत होती, उन्हात तिचे पट्टे चांगले दिसत होते.

"ये वोच क्या, डोक्यावर ठिपकेवाली? अंडे देती क्या अब?"

म्हटलं, "हौ. परसोंसे सुरू की. छोटे छोटे देती अबी."